एसपीएफ की डीकेआयएम?
गुजरीतल्या सराफाच्या नावाने बनावट बिल ईमेलने आले, तर पाकीट तपासावे की आतल्या पत्रावरची सही? एसपीएफ आणि डीकेआयएम ही मेल खरा की बनावट हे तपासणारी दोन तंत्रे. एसपीएफ पाकीट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता, पाहते: त्यातल्या डोमेनसाठी (@ नंतरच्या नावासाठी) कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा, याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, असते, मात्र वाचकाला दिसणारा ‘फ्रॉम’ पत्ता ते तपासतच नाही, आणि मेल दुसऱ्या खात्याकडे आपोआप पुढे गेला की सर्व्हर बदलल्याने अस्सल बिलही बहुधा नापास होते. डीकेआयएमची डिजिटल सही मजकुराशीच बांधलेली असल्याने हा प्रवास सोसते. वाटेत कोणी तळाशी जाहिरातीची ओळ चिकटवली, तर मात्र सहसा मोडते. एकच निवडायचे झाल्यास मी डीकेआयएम घेईन. अर्थात, सहीच्या डोमेनची दिसणाऱ्या पत्त्याशी सांगड घालणारे डीएमएआरसी हे तिसरे तंत्र नसेल, तर भामटा स्वतःच्या डोमेनची खरी सही करूनही सराफाचा पत्ता दाखवू शकतो.