टेली मानस १४४१६ : फोन उपयोगी पडला, पण रुग्णालयातल्या भरतीचे कागद स्वतः बघा

धाकट्या भावाची झोप पूर्ण उडाली होती, बोलणं थांबेना आणि ट्रॅक्टर मिळेल त्या भावात विकायला निघाला होता. रात्री १४४१६ लावला. मानसिक त्रासासाठीची केंद्र सरकारची ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट. मराठी निवडली की मराठीतच बोलतात. फोनवरच्या बाईंनी आधी विचारलं, "फवारणीचं औषध कुठं ठेवलंय?" ते शेजारी नेऊन ठेवायला लावलं, मगच पुढचं बोलल्या. माझ्या दृष्टीने तिथेच ही सेवा पास झाली. दवाखान्यापर्यंत गाडी मात्र आम्हालाच करावी लागली.

भाऊ रुग्णालयात भरती व्हायला तयार नव्हता. अशा वेळी मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ८९ लागतं, हेही बाईंनीच सांगितलं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्यातला जाणकार, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. आणि रुग्णालयाने सात दिवसांत रिव्ह्यू बोर्डाला, म्हणजे अशा भरत्या तपासणाऱ्या मंडळाला, कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीनच दिवसांत.

ज्या खासगी रुग्णालयात नेलं तिथली औषधं लागू पडली, सिस्टर मायेनं वागल्या. पण बोर्डाला कळवलं का विचारल्यावर ऑफिसातून उत्तर आलं, "घरच्यांची सही आहे ना, मग कशाला?" याचा मला फार राग आला. वाटणीवरून भांडणारी घरं गावोगावी आहेत. नुसत्या बहिणीच्या सहीवर भाऊ कुलपात राहणार असेल तर उद्या कुणीही कुणालाही ठेवील. बोर्ड त्यासाठीच आहे : अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि हा आजार भोगलेल्यांसाठी किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीही जागा. रुग्ण स्वतः तिथे भरतीविरुद्ध अर्ज करू शकतो, फी नाही. भावाला हे रुग्णालयाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. त्याने अर्ज केला नाही, पण त्यानंतर माझ्याशी नीट बोलायला लागला.

कळवल्याच्या पत्राची प्रत मी मागत राहिले, तेव्हा कुठे पत्र गेलं. तुम्ही भरतीच्या दिवशीच मागा, आणि पोच बघितल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.