लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बदललं: दिवाळी ते मृग, औशाच्या दगडी वाड्यातला अनुभव

दिवाळीच्या आधी माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं एएक्स २१० हे वाय-फाय कार्ड बसवलं. थंडी गेली, पुरा उन्हाळा गेला, आता मृग लागलाय. एवढे महिने रोज वापरल्यावर सांगतो: कार्ड चांगलं आहे, दोन हजारांच्या आसपास गेलेले पैसे वसूल झाले. पण माझ्या घरात निम्मं काम कार्डानं केलं आणि निम्मं एका साध्या केबलनं. फक्त कार्ड घेतलं की नेट तुटायचं थांबेल, अशा आशेनं कुणी पैसे घालू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं काम आडत दुकानांचे हिशेब लिहिण्याचं. लातूरच्या मार्केट यार्डातल्या काही पेढ्या आणि औशातली काही दुकानं, यांचं जीएसटीचं आणि ई-वे बिलांचं काम घरूनच बघतो. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र), आणि सोयाबीनच्या हंगामात मध्येच फोन येतो, "गाडी भरून उभी हाय, बिल काढा की लवकर." अशा वेळी अर्ध्या फॉर्मवर नेट तुटलं की पोर्टल बाहेर काढतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, आणि तिकडं ड्रायव्हर ताटकळत बसलेला. वेगाची तक्रार कधीच नव्हती. फायबर आहे, वेग गरजेपेक्षा जास्तच येतो. त्रास होता तो तुटण्याचा, आणि तोही कधी होईल याचा नेम नसल्याचा.

भाचा लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्यानं पहिलीच गोष्ट सांगितली, "मामा, राऊटरबिऊटर काही घेऊ नका. आधी कुठं तुटायलंय ते बघा." या एका वाक्यानं माझे पैसे वाचले. लॅपटॉप ते राऊटर हा एक रस्ता आणि राऊटर ते बाहेरचं जग हा दुसरा. नेट गेलं म्हणताना यातला कोणता रस्ता बंद पडला ते आपण बघतच नाही, आणि कंपनीला फोन लावून बसतो.

तपासायची रीत सोपी आहे. विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत 'पिंग' (समोरून उत्तर येतं का ते विचारणारी आज्ञा), पुढं राऊटरचा पत्ता (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो) आणि शेवटी 'डॅश टी'. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, जो गूगलचा आहे. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत राहायचं. नेट अडकलं की बघायचं: दोन्हींत 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' येत असेल तर बिघाड घरातच, लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामध्ये आहे. राऊटर उत्तर देतोय आणि फक्त ८.८.८.८ गप्प आहे, तर बाहेरच्या लाइनीची तक्रार करा. माझ्याकडं दोन्ही खिडक्या एकदमच थांबत होत्या. त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाईलवर मात्र त्याच वेळी व्हिडिओ चालत होता. म्हणजे लाइन बरी, राऊटर बरा, संशय लॅपटॉपवर.

विंडोजमध्ये याचा पुरावा तयारच मिळतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजीत दिली की मागच्या तीन दिवसांचा अहवाल बनतो. कधी जोडलं, कधी तुटलं, कोणत्या कारणानं तुटलं, सगळं वेळेसकट. दुरुस्तीवाल्याकडं जाताना हा अहवाल घेऊन जा. "नेट चालंना गेलंय" एवढंच सांगण्यापेक्षा त्यानं काम लवकर होतं.

कार्ड बदलण्याआधी दोन बिनखर्चाचे उपाय केले, आणि दोन्हींचा गुण आला. पहिला वीज वाचवण्याच्या सेटिंगचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डावर जाऊन 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे, अशा अर्थाची खूण काढून टाकली. काही नव्या लॅपटॉपांत हा भागच दिसत नाही, तिथं हा उपाय होत नाही. माझ्याकडं मात्र चहाला उठून परत आल्यावर नेट गेलेलं असायचं, ते यानं थांबलं.

दुसरा उपाय कुणी सांगितल्याशिवाय सुचला नसता. हिशेबाच्या डेटाचा बॅकअप मी यूएसबी ३.० च्या डिस्कवर घेतो. बॅकअप चालू असताना नेट जास्त तुटतंय, हे त्या अहवालातल्या वेळा जुळवून बघितल्यावर दिसलं. यूएसबी ३.० च्या जोडणीतून जो गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि वाय-फायही त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलनं २०१२ मध्येच यावर निबंध काढला होता. डिस्क लांब वायरीनं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि बॅकअपच्या वेळचं तुटणं बरंच कमी झालं. यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल वापरणाऱ्यांनी तर हे नक्की करून बघावं. डोंगल डिस्कच्या शेजारच्या खाचेत असेल तर त्याला एक्स्टेन्शन वायर लावून दूर न्या.

तरीही दिवसातून काही वेळा तुटतच होतं. जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं आणि वाय-फायला एकाच अँटेनाचं होतं. भाच्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं: वायरी दोन होत्या, एक वाय-फायला आणि एक ब्लूटूथला. नव्या कार्डानं त्या दोन्ही वाय-फायला घेतल्या, आणि वाय-फायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही मिळाला. बसवणं अवघड नाही, पण हात हलका पाहिजे. आधी बॅटरीची जोडणी काढायची, मगच कार्डाला हात लावायचा. अँटेनाच्या वायरींची टोकं ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असतात. ती बरोबर मध्यावर ठेवून सरळ खाली दाबायची. तिरकी दाबली की वाकतात, आणि वाकलेलं टोक पुन्हा नीट बसत नाही.

घेण्याआधी काय बघायचं, ते इथंच सांगतो. तुमच्या लॅपटॉपात वाय-फाय कार्डासाठी एम.२ प्रकारची, २२३० मापाची खाच आहे का बघा. फार जुन्या लॅपटॉपात मिनी पीसीआयई ही जुन्या प्रकारची खाच असते, तिथं हे कार्ड बसत नाही. काही पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच डाखलेलं असतं, तिथं विषयच संपला. काही लॅपटॉपांचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ठराविक कार्डंच स्वीकारतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुकानात एएक्स २०१ किंवा एएक्स २११ स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका. नावं शेजारशेजारची वाटतात, पण ती दोन्ही इंटेलच्या ठराविक प्रोसेसरांबरोबरच चालतात, कारण निम्मं काम त्या प्रोसेसर-चिपसेटमध्येच होतं. एएमडीच्या लॅपटॉपात ती चालणारच नाहीत. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही पूर्ण, स्वतंत्र कार्डं आहेत. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा एएक्स २१० मध्ये आहे, पण त्याला राऊटरही तसाच लागतो. माझा नाही, त्यामुळं त्या भागावर मी काही बोलत नाही.

कार्ड बसवल्यावर टेबलापाशी सिग्नल ४० टक्क्यांवरून साठीच्या आसपास आला. विंडोजचे टक्के वाचायची एक किल्ली आहे: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आणि ० टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम, मधलं सगळं सरळ हिशेबानं. म्हणजे ४० टक्के उणे ८० आणि ६० टक्के उणे ७०. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण दर १० च्या फरकाला ताकद दहापट होते. तुटणं जवळजवळ थांबलं. २० तारखेची विवरणपत्रं एका बैठकीत भरून होऊ लागली.

मग उन्हाळा आला, आणि घरानं आपला हिस्सा दाखवला.

आमचा वाडा जुना. दोन हातांच्या दगडी भिंती, दगडांमध्ये माती, वर माळवद (मातीचं सपाट छत). फायबर येते ढाळजेत (दाराजवळच्या बैठकीत), राऊटर तिथंच, आणि माझं टेबल आत माजघरात. मध्ये अशा दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झची लाट या भिंतीतून आत येतच नाही म्हटलं तरी चालेल, २.४ ची येते पण दमून येते. थंडीत तेवढ्यावर भागलं. मार्चच्या शेवटी ढाळजेकडच्या खिडकीत कूलर बसला आणि टक्के पुन्हा चाळिशीत गेले. पत्र्याचं अंग आणि आत टाकीभर पाणी. पत्रा लाट परतवतो आणि पाणी ती शोषून घेतं. सिग्नल जेवढा आत येत होता तो बहुतेक त्या खिडकीतूनच येत होता, हे तेव्हा कळलं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कूलर काढा असं कुणाला सांगणार?

इथं कोणतंही कार्ड कामाला येणार नाही, हे मान्य करून केबल ओढली. ढाळजेतल्या राऊटरपासून झरोक्यातून वर, माळवदाच्या कडेनं, माजघराच्या झरोक्यातून खाली. घरात पडून असलेला जुना राऊटर आत लावून त्याचा ॲक्सेस पॉइंट केला, म्हणजे केबलनं आलेलं नेट तो आत वाय-फायनं देतो. त्यासाठी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि केबल वॅनच्या (बाहेरचं नेट घ्यायच्या) खाचेत न लावता लॅनच्या (घरातली उपकरणं जोडायच्या) खाचेत लावली. बस, एवढंच. दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, चॅनेल वेगळे दिले: बाहेर १, आत ११. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे चॅनेल, त्यामुळं यांतलेच घ्यावेत आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. आता टेबलापाशी ५ गिगाहर्ट्झ मिळतं, टक्के नव्वदीच्या वर असतात, आणि कूलर जिथं होता तिथंच आहे.

केबल घेताना पूर्ण तांब्याची कॅट ६ मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. १०० मीटरपर्यंत चांगली केबल बिनघोर चालते, वाडा कितीही मोठा असला तरी तेवढं पुरतं. उन्हात उघडी टाकू नका, आवरण तडकतं, पाइपातून न्या. आणि मृगाच्या दिवसांत आपल्याकडं विजा कशा पडतात ते सगळ्यांना माहीत आहे. माळवदावरून गेलेली तांब्याची तार म्हणजे विजेच्या झटक्याला घरात यायला वाट. आभाळ गडगडायला लागलं की मी दोन्ही टोकं काढून ठेवतो. ज्यांना जमेल त्यांनी केबल घरातूनच न्यावी.

लाईटचंही सांगतो, कारण ते हमखास वाय-फायच्या माथी मारलं जातं. लाईट गेली की इन्व्हर्टर लगेच उचलतो, पण त्या क्षणभरात राऊटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि फायबरची लाइन परत धरायला त्याला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात पोर्टल गेलेलं असतं. राऊटरला छोटा डीसी यूपीएस (राऊटरपुरती बॅटरी) लावल्यापासून हे संपलं. तो घेताना राऊटरच्या खाली लिहिलेले व्होल्ट बघून घ्या. बहुतेक १२ असतात, पण ९ चेही आहेत.

हेच कार्ड भाच्यानं गंजगोलाईजवळच्या एका दुकानदाराच्या लॅपटॉपात बसवलं, आणि तिथला अनुभव अगदी वेगळा आहे. तिथं भिंतीची अडचण नाही, गर्दीची आहे. सोळा रस्ते जिथं मिळतात त्या गोल बाजारात दुकानाला दुकान लागून, आणि प्रत्येकाचा राऊटर २.४ वर ओरडतोय. सिग्नल भरपूर, तरी काम अडतं. त्या दुकानात राऊटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत असल्यामुळं राऊटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करून लॅपटॉप फक्त त्यालाच जोडला. कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'प्रिफर्ड बँड' ५ गिगाहर्ट्झ केला. त्याला केबल लागली नाही, ॲक्सेस पॉइंट लागला नाही. कार्ड तेच, दुखणं निराळं, म्हणून उपायही निराळा.

माझ्याकडं राहिलेली अडचण एकच: माडीवरच्या खोलीत सिग्नल अजून तीस टक्क्यांच्या पुढं जात नाही. मुलगी बारावीला आहे, तिच्या ऑनलाइन टेस्ट तिथंच चालतात. केबलचा उरलेला तुकडा तिथपर्यंत पुरतोय, मोजून ठेवलाय. पाऊस उघडला की जिन्याच्या बाजूनं वर नेणार आहे, यावेळी घरातूनच.