जुनी जपानी चहादाणी: सात्सुमा घ्यावी की कुतानी?

मडकं टिचकी मारून, वाजवून घ्यावं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. जुनी जपानी चहादाणी घेताना हा नियम अर्धाच चालतो. बाजारात तिच्या दोन नावाजलेल्या जाती भेटतात, सात्सुमा आणि कुतानी. निर्यातीसाठी बनलेली कुतानी पोर्सेलीनची, म्हणजे पक्क्या चिनी मातीची असते. झाकण काढून, तळहातावर ठेवून नखाने हलकंच वाजवली की खणखणीत नाद येतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे असं समजा. सात्सुमाचं अंग मात्र सच्छिद्र मातीचं, पोर्सेलीनपेक्षा कमी आचेवर भाजलेलं. ती धडधाकट असली तरी बद्दच वाजते. तिथे कानाचा उपयोग नाही, डोळा लागतो.

संग्राहकांच्या हाती येणारा या दोन्हींचा बराचसा माल मेइजी काळातला, म्हणजे १८६८ ते १९१२ मधला आणि त्यानंतरच्या काही दशकांतला आहे. त्यातला मोठा भाग युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी बनला. म्हणूनच पुष्कळ चहादाण्यांना मागे आपल्या कपासारखा कान दिसतो. जपानच्या स्वतःच्या वापरातल्या चहादाणीला बहुतेकदा बाजूला काटकोनात दांडी असते, नाहीतर वर बांबूची किंवा वेताची कडी.

सात्सुमाची मुळं क्यूशू बेटाच्या दक्षिणेला, आजच्या कागोशिमात. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांमध्ये (१५९२–९८) सात्सुमाच्या शिमाझू सरदारांनी तिथले कुंभार आणून वसवले. पण आपण बाजारात जी सोनेरी सात्सुमा बघतो, ती त्या जुन्या कुंभारकामापेक्षा बरीच वेगळी आहे. १८६७ चं पॅरिसचं आणि १८७३ चं व्हिएन्नाचं प्रदर्शन गाजलं, परदेशी मागणी वाढली आणि क्योतो, ओसाका, योकोहामा, तोक्यो असे सगळीकडे त्या धर्तीचे कारखाने निघाले. त्यामुळे ‘सात्सुमा’ हे प्रांतापेक्षा शैलीचं नाव होऊन बसलं. बुडावर वर्तुळात फुली, म्हणजे शिमाझूंचं घराण्याचं चिन्ह दिसलं की विक्रेता भाव चढवतो. त्याला फार किंमत देऊ नका. ते चिन्ह कुठल्याही कारखान्यात काढलं जायचं.

सात्सुमाचं खरं बळ भिंगाखाली दिसतं. मुठीएवढ्या चहादाणीवर शेवंती, पिओनी, विस्टेरिया एकमेकींवर चढलेल्या, मधे सुईच्या टोकाएवढीही जागा रिकामी नाही. शेवंतीची प्रत्येक पाकळी जाड मुलाम्याचा (म्हणजे एनॅमलचा, काचेसारख्या रंगाचा) स्वतंत्र उंचवटा असते, बोट फिरवलं तर खरखर जाणवते, आणि तिच्या कडेने सोन्याची रेघ. खाली हस्तिदंती झिलई, तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक जाळी. ही जाळी म्हणजे खोट नव्हे. भट्टीतून निघून थंड होताना झिलई आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यातून ती पडते. घाईच्या मालात मात्र सगळ्या बायकांचे चेहरे एकाच छापाचे, सोनं लिंपल्यासारखं, फुलांना कड नाही. दोन्ही हातानेच रंगवलेल्या, दोन्ही शंभर वर्षांच्या, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो योग्यच आहे. ओसाकाचे नामांकित कारागीर याबू मेइझान (१८५३–१९३४) किंवा क्योतोचं किन्कोझान हे कुंभार घराणं यांच्या सहीचा माल पहिल्या खरेदीत शोधू नका. किंमत चढी असते, आणि सही नकल करायला चित्राइतकी अवघड नसते.

कुतानी होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडची, जुन्या कागा प्रांतातली, आता इशिकावा. १६५५ च्या सुमारास कुतानी गावात भट्टी सुरू झाली, अर्ध्या शतकात बंद पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा जिवंत झाली. नावाचा अर्थ ‘नऊ दऱ्या’. बुडावर या नावाची दोन जपानी चित्राक्षरं बहुधा लाल रंगात असतात. तिथले कारागीर कुतानी शोझा (१८१६–८३) यांनी पाश्चात्त्य रंग आणि सोनं यांची जी सांगड घातली, तिने निर्यातीच्या कुतानीचं रूप ठरवलं. मला मात्र तिची लाल-सोनेरी जात सर्वांत आवडते. पांढऱ्या अंगावर लोहयुक्त तांबडा रंग, आणि त्याच्या इतक्या बारीक रेघा की भिंगाशिवाय नुसती गुलाबी छटा वाटते. एका चहादाणीच्या तोटीभोवती मी रेघांचे वेढे मोजत बसलो होतो. चाळिसाव्यानंतर नजर हरवली. कुंचला कुठे टेकला, कुठे उचलला, हे रेघेच्या जाडीतून कळतं. छापील चित्रात अशी जाडी बदलत नाही, भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी रांग दिसते.

तिसरं नाव कानावर येईलच: बुडावर रोमन लिपीत ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) लिहिलेल्या चहादाण्या. अमेरिकेच्या कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं, तेव्हा ‘निप्पॉन’ आलं. १९२१ नंतर ‘जपान’ लिहावं लागलं. ‘ऑक्युपाइड जपान’ (परकीय ताब्यातला जपान) असेल तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. ‘निप्पॉन’ चहादाण्या सुंदर असतात, पण त्यांच्या शिक्क्याच्याही नकला निघाल्या आहेत. शिवाय रोमन अक्षर नाही म्हणजे १८९१ पूर्वीची, हे गणितही चुकीचं, कारण तो नियम फक्त अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता.

आता निवड. पहिलीच चहादाणी असेल तर कुतानी घ्या, असं मी ठामपणे सांगेन. पारख सोपी: नाद तपासता येतो, पांढऱ्या अंगावर डागडुजी लपवणं जड जातं, आणि माल कणखर असल्याने आपल्या हातून बिघडण्याची भीती कमी. सात्सुमाच्या जाळीत डाग मुरला की तो कायमचा, आणि जुना डाग व नवी चीर लांबून सारखेच दिसतात. पण तुम्हाला संध्याकाळी दिव्याखाली भिंग घेऊन तासभर एकच वस्तू बघण्याची ओढ असेल, तर लहान, निर्दोष सात्सुमासाठी थांबा. मोठी, भपकेबाज आणि टवके उडालेली घेऊ नका.

झाकणाने मला एकदा चांगलाच धडा दिला. सात्सुमाचं झाकण घट्ट बसत होतं, फुलंही तीच. घरी उन्हात धरल्यावर कळलं की अंगाची जाळी दाट आणि पिवळसर, झाकणाची विरळ आणि पांढरट. झाकण दुसऱ्याच चहादाणीचं होतं. तेव्हापासून झाकण आणि अंग शेजारी धरून बघितल्याशिवाय मी पैसे काढत नाही.

दोन्हींत रोजचा चहा नको. जुन्या मुलाम्याच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि सात्सुमा तर चहा शोषून घेते. पाण्यात बुडवून ठेवू नका. वेताची कडी असेल तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते, म्हणून कपाट बंद असलं तरी आठवड्यातून एकदा उघडा. परदेशातून आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: शंभर वर्षांवरची वस्तू भारतात आली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे ती पुन्हा बाहेर नेणं अवघड.

विकत घेण्याआधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू बघून या, हैदराबादला जाणं झालं तर सालारजंग संग्रहालयही. आणि फोटोवरून घेणार असाल तर विक्रेत्याकडे चारच फोटो मागा: तोटीचं टोक, कान जिथे जोडलाय ती जागा, झाकणाची खालची कड, आणि आत टॉर्च टाकून तोटीच्या मुळाशी असलेली गाळणीची भोकं. शेवटचा फोटो द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.