लॉनचं बी म्हणून बर्टी विकली

संक्रांत झाली की धुळ्यात आमच्या देवपूरच्या कॉलन्यांमधून एक टेम्पो फिरू लागतो. मागे शेणखताच्या गोण्या नि कुंड्या, वर भोंगा: 'लॉन लावून देऊ, बाग करून देऊ.' गेल्या वर्षी तो आमच्या दारात थांबला. ज्यांच्या अंगणात वीतभर का होईना हिरवळ आहे त्यांनी हे वाचून ठेवा, होळीपर्यंत हे लोक फिरत असतात.

गेट उघडायच्या आधीच टेम्पोवाल्याने मान हलवली. 'ताई, हे मेलंय. मुळाला बुरशी. सगळं काढावं लागेल.' दिसायला लॉन खरोखरच वाळल्या पाचटासारखं पिवळं होतं. पण धुळ्यात थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि हरळीच्या जातीचं गवत अशा थंडीत वाढ थांबवून पिवळं पडतं. ऊन चढलं की परत फुटतं. त्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून तर तो नेमका याच दिवसांत येतो.

ओळखायचं कसं ते सांगते. जमिनीलगत पसरलेली एक आडवी काडी उपटा आणि पेराजवळ मोडा. आत पांढरट-हिरवी नि ओलसर निघाली तर गवत जिवंत आहे. नुसतं पाणी द्या, वरची वाळकी पाती कापा, चाळलेलं शेणखत पातळ पसरा. सगळ्या काड्या तपकिरी निघून बोटांत कुस्करल्या गेल्या तरच ते मेलं समजा. आमच्याकडे तुळशी वृंदावनामागचा पट्टा टेम्पोवाल्यांच्या फावड्यातून सुटला. तो होळीनंतर आपोआप हिरवागार झाला. बाकीचं त्यांनी खरवडून नेलं, आणि खरवडायची मजुरीसुद्धा आमच्याकडूनच घेतली!

मग निघालं 'परदेशी लॉनचं बी', 1,800 रुपये किलो. गर्द हिरव्या रंगात घोळवलेलं, ओल्या बोटाला रंग लागायचा. हरळीचं बी फार बारीक असतं, हे तर भगरीच्या दाण्यापेक्षाही टपोरं. विचारलं तर उत्तर तयार: 'कोटिंग आहे ना ताई, म्हणून जाड दिसतं.' वर हमी दिली, की अर्धे पैसे आता द्या, आठवड्यात उगवलं नाही तर उरलेले देऊच नका. खरी मेख इथे आहे. आठवड्याच्या आत अंगण हिरवं झालं, तो हजर झाला, उरलेले पैसे घेऊन गेला. हरळीचं बी पेरलं तर नीट उगवायला दोन-तीन आठवडे सहज जातात, गारठ्यात त्याहून जास्त. इतक्या झटपट उगवतं ते धान्य.

पुढे ते आडवं पसरेचना, सरळ उभं वाढत गेलं. शेजारी धडगावकडच्या एक मावशी राहतात. त्यांनी पान चुरगाळून पाहिलं आणि हसल्या. 'बाई, हाई ते बर्टी शे. आमना डोंगरमा पेरतस.' बर्टी म्हणजे भगरीसारखंच एक बारीक भरडधान्य. थोड्या दिवसांत कणसं धरली तेव्हा शंकाच उरली नाही. उपासाला भगर खाणारं आमचं घर, आता अंगणभर बर्टी! कापून गाईला घालायचीही सोय नाही, त्या रंगात काय होतं कोण जाणे.

त्यानेच भरताच्या वांग्याचं बीही दिलं होतं, 'खास जळगावचं'. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या पुडीवर हे नाव असतं. भरताचा खरा हंगाम थंडीचा, आणि हा थंडी सरताना, माघात बी विकतोय. ट्रेमध्ये जेमतेम चार-दोन रोपं वर आली. वांग्याच्या बियाण्याची उगवण कमीत कमी 70 टक्के असावी असं प्रमाण आहे.

पुडी घेऊन पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडे गेले. ते चांगलं बोलले, पण पहिला प्रश्न बिलाचा. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याकडे परवाना लागतो आणि बिल द्यावं लागतं. पाकिटावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवणशक्तीचा टक्का, बियाण्याला औषध लावलं असेल तर त्याचा उल्लेख हवा. आमच्या पुडीवर वांग्याचं चित्र नि स्टेपलरची पिन. विकणाऱ्याचं नाव-गावच नाही, तर नोटीस कोणाला काढणार? त्याचा मोबाइल तर बर्टीला कणसं यायच्या आधीच बंद झाला होता.

परवा अमळनेरहून बहिणीचा फोन आला. तिच्या गल्लीतही तसाच टेम्पो, तेच 'मुळाला बुरशी'. तिने काडी मोडून त्याच्या हातात दिली आणि आधी परवाना दाखव म्हणाली. 'परवाना दुकानात आहे.' दुकान कुठे, तर 'चोपड्याला'. चोपड्यात कुठे म्हटल्यावर त्याने टेम्पो चालू केला.