मॉस आणि शैवाक पाहण्यासाठी दहापट भिंग: उपयुक्त, पण काही उणिवांसह

दगडावरचे मॉस आणि शैवाक, म्हणजे मसाल्यातील दगडफुलाची सारी भावंडे, नुसत्या डोळ्यांना डागांसारखी दिसतात. त्यांच्या अंगची चिवट जगण्याची सोय पाहायची असेल, तर तीन काचा एकत्र जोडलेले, दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग पुरेसे ठरते, असे माझे मत ते उन्हाळ्यात कोकणातील सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) आणि नंतर पावसात वापरून झाले आहे.

भिंगाची खरी परीक्षा कोरड्या मॉसवर होते. मे महिन्यात जांभ्यावरचे मॉस करपल्यासारखे तपकिरी झालेले असते आणि त्याची पाने देठाभोवती पिळून बसलेली असतात. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडून भिंग धरले की पाने उलगडताना आणि हिरवी होताना डोळ्यांदेखत दिसतात. मॉसला खरी मुळे नसतात आणि पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते, त्यामुळे पाणी थेट पृष्ठभागातून आत शिरते. याच कारणाने ते सुकतेही तितक्याच लवकर. सुकताना मरण्याऐवजी ते जीवनव्यापार थांबवते, आणि पेशींत साठलेली शर्करा आतील पटले, म्हणजे पातळ पडदे, व प्रथिने मोडू देत नाही. हा भाग अर्थातच कोणत्याही भिंगाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

काही मॉसच्या पानांच्या टोकांवरील पांढरे केस मात्र या भिंगातून स्पष्ट दिसतात. मध्य आशियातील वाळवंटांत वाढणारे सिन्ट्रिकिया कॅनिनर्व्हिस हे मॉस अशाच केसांनी धुके आणि दव टिपून घेते. चिनी संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ते उणे ८० अंश सेल्सिअसमध्ये पाच वर्षे आणि उणे १९६ अंशांत ३० दिवस ठेवल्यानंतरही पुन्हा वाढू लागले.

शैवाकांच्या बाबतीत भिंगाचा उपयोग थोडा मर्यादित आहे. ओल्या शैवाकाचा वरचा थर नखाने किंचित खरवडला की खाली हिरवी रेघ दिसते: तेथे शैवाल राहते व अन्न तयार करते, तर भोवतालची बुरशी त्याला उन्हापासून आणि झटपट सुकण्यापासून आडोसा देते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकात ही भागीदारी मांडली, तेव्हा अनेक शैवाकतज्ज्ञांना ती मुळीच मान्य नव्हती. उंच पर्वतांवर आणि ध्रुवप्रदेशांत आढळणाऱ्या झँथोरिया एलेगन्स या शैवाकाचा नारिंगी रंगही ढालीचे काम करतो. २००८-०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर सुमारे दीड वर्ष ठेवले होते आणि त्यातील बुरशी व शैवाल दोन्ही बऱ्याच प्रमाणात जिवंत परतली. आपल्या किल्ल्यांच्या तटांवरील करडे थर पाहताना त्यांची बशीसारखी बीजाणुफळे याच भिंगाने ओळखता येतात, मात्र प्रजाती ठरवायची तर सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्या लागतात. भिंग विकणारे याचा उल्लेख सहसा करत नाहीत.

उणिवा सांगायच्या तर, भिंग वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावे लागत असल्याने आपलीच सावली पडते आणि खडकाच्या खोल फटीतले काहीही नीट दिसत नाही. त्यात दिवा असता तर बरे झाले असते. माझ्या भिंगाची बिजागरीही लवकरच सैल झाली. तरीही ‘३० पट’ असे छापलेल्या स्वस्त भिंगापेक्षा हेच घ्यावे, कारण त्या स्वस्त भिंगात दृष्टिक्षेत्र इतके आकसते की मॉसची एक उशी शोधण्यातच वेळ जातो, आणि कडांवर रंगीत झालर दिसते ती वेगळीच. पावसाळ्यात मात्र वापरानंतर भिंग पुसून सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावे. काचेवर बुरशी धरली, तर ती सहजी निघत नाही.