जुन्या कोअर टू ड्युओवर लिनक्स मिंट आणि नवा मॉनिटर: सहा महिन्यांनंतर

परभणीच्या घरातला आमचा पीसी २००९ चा. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम आणि १७ इंची चौकोनी एलसीडी, तीही पिवळी पडलेली. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, क्रोम १०९ व्या आवृत्तीवर अडकून बसलं. तरी आण्णांचं एकच, "चालतंय ना? मग राहू दे की." सातबाऱ्याचं पान उघडेना झालं तेव्हा कुठं तयार झाले.

दुकानातला पोरगा म्हणाला, "विंडोज ११ टाकून देतो, टीपीएमची, म्हणजे सुरक्षा चिपची, अट चुकवता येते." येते, पण २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला एसएसई ४.२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक संच) असलेलाच प्रोसेसर लागतो आणि आमचा ४.१ वर थांबलेला. तो कसा चुकवणार? विंडोज १० चा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची. रॅम ४ जीबी केली (बोर्ड त्यापुढं घेतच नाही) आणि हार्डडिस्कपेक्षा वेगवान अशी २४० जीबीची साटा एसएसडी लावली. आधी चालू करून चहा ठेवायचो, आता पाऊण मिनिटात डेस्कटॉप.

खरा घोळ मॉनिटरनं घातला. २२ इंची फुल एचडी आणला, पण बोर्डाला जोडणी एकच, जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीची व्हीजीए. त्या वायरीतून अक्षरांना सावली यायची. इंग्रजी वाचता यायचं, पण मराठीत अनुस्वार कुठला अन् धूळ कुठली, कळेना. मॉनिटरचं ऑटो अ‍ॅडजस्ट दाबून दाबून बोट दुखलं. शेवटी नांदेडहून जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड आणलं, बिनपंख्याचं. १९ वॅटवर चालतं, त्यामुळं जुना एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला नाही. त्याच्या एचडीएमआयला डिजिटल वायर जोडली आणि रफार सुईसारखा दिसला. मे महिन्याच्या उकाड्यातही अजून बंद पडलं नाही, फक्त कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवलाय. यूट्यूबवर १०८० ला प्रोसेसर धापा टाकतो, ७२० वर कीर्तन निवांत चालतं.

एक दिवस अचानक सगळ्याच साइट 'असुरक्षित' म्हणायला लागल्या. मिंटला शिव्या घालून झाल्या, मग कोपऱ्यातली तारीख दिसली: जानेवारी २००९. आदल्या रात्री लाईट गेलेली आणि बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल मेलेला. तारीख चुकली की ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं खरी वाटत नाहीत. सेल बदलला, झालं.

आण्णांच्या जुन्या फायली कृतिदेवमधल्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टातल्या. पहिल्यांदा उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून खाली ठेवला. विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्टची फाइल आणून टाकली तशी सगळी अक्षरं जागेवर. नवीन मजकूर मात्र आता इनस्क्रिप्ट या युनिकोड मराठी कीबोर्डवर टाइप करतात, हळू का होईना.

प्रिंटरनं तेवढं रडवलं. जुन्या लेझरला लिनक्सचा ड्रायव्हर काही बसेना, तीन रविवार गेले. त्यापायी जुन्या हार्डडिस्कवर विंडोज ७ ठेवलंय, नेट तोडून. प्रिंट काढायची तर पेन ड्राइव्हवर पीडीएफ घ्यायची आणि मशीन विंडोज ७ मध्ये परत चालू करायचं. आण्णा त्यापेक्षा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं जातात.