प्रिक, पॅच की रक्त? अंगाच्या खाजेसाठी कोणती तपासणी करावी

वस्तूचा संबंध आल्यावर खाज किती वेळाने सुटते, त्यावर तपासणी ठरते. शेंगदाणा किंवा मासळी खाल्ल्यावर मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत ओठ सुजले, गांधी उठल्या, तर ती आयजीई प्रतिपिंडांची अ‍ॅलर्जी. तिला प्रिक टेस्ट किंवा रक्त. केसांना डाय लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळाची कड आणि पापण्या चिघळल्या, तर ते काम प्रतिपिंडांचं नाही, शरीराच्या संरक्षक पेशींचं आहे. तिथे पॅच टेस्टच लागते. डायच्या खाजेला प्रिक करून पैसे घालवलेले लोक बरेच भेटतात.

प्रिकचं काम तासाभरात उरकतं. हाताच्या आतल्या बाजूला दोन-दोन सेंटिमीटरवर संशयित वस्तूंच्या अर्काचे थेंब ठेवून त्यातून बारीक टोचतात आणि १५-२० मिनिटांनी फुगवटा मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या सलाईनच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला तर होकारार्थी. ज्याने फुगवटा यायलाच हवा तो हिस्टामिनचा थेंबही फुगला नसेल तर सगळी तपासणी रद्द समजावी. कारण बहुधा एकच असतं, आधी घेतलेली सेट्रिझिनसारखी अ‍ॅन्टिहिस्टामिन गोळी. ती साधारण सात दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते. सर्दीच्या तयार गोळ्यांतही तसलंच औषध असतं, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. जिथे जीवघेणी रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रेनालिन हाताशी नाही तिथे ही तपासणी करू नये.

पॅच टेस्टला तीन फेऱ्या पडतात. सोमवारी पाठीवर ॲल्युमिनियमच्या चकत्यांत संशयित वस्तू भरलेली पट्टी, बुधवारी ४८ तासांनी काढून पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं. शहादा किंवा चोपड्याहून जळगावला येणारे बुधवारनंतर परत येत नाहीत, आणि खरा निकाल बऱ्याचदा शुक्रवारीच दिसतो. म्हणून डॉक्टर निवडताना पहिलं हे विचारा की दुसरं वाचन करतात का. इथे अ‍ॅन्टिहिस्टामिनची गोळी फारशी आड येत नाही; पाठीवर लावलेलं स्टेरॉइड मलम आणि तोंडाने घेतलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मात्र निकाल दाबतं. पाठ आठवडाभर ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. भुसावळच्या मे महिन्यात हे जमत नाही, पट्टी घामाने सुटते. डिसेंबर ते फेब्रुवारी गाठावा.

खान्देशात पॅच टेस्टचं सर्वांत मोठं काम गाजरगवतासाठी आहे. १९५६ मध्ये पुण्यातून नोंदलं गेलेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे. त्याच्या बारीक केसांतलं पार्थेनिन वाळलेल्या चुऱ्यासकट हवेतून येतं, त्यामुळे निंदणीला न जाणाऱ्यालाही त्रास होतो. ओळखायची जागा सांगतो. पापण्या, मानेच्या वळ्या आणि कोपराची आतली बाजू जाड, काळपट होते. कानामागे आणि हनुवटीखालीही पुरळ असेल तर संशय पक्का, कारण तिथे ऊन पोचत नाही पण धूळ पोचते. त्या दोन जागा स्वच्छ असतील तर आधी उन्हाची अ‍ॅलर्जी पाहावी. जुन्या रुग्णांत दोन्ही एकत्र सापडतात. म्हणून पट्टीत गाजरगवत आहे का, हे विचारूनच पैसे भरा. परदेशी संचात ते नसतं.

रक्तातली विशिष्ट आयजीई तपासणी त्यांच्यासाठी, ज्यांना गोळी थांबवता येत नाही किंवा हातांवर टोचायला निरोगी कातडी उरलेली नाही. ०.३५ च्या वरचा आकडा म्हणजे शरीर त्या वस्तूला ओळखतं, एवढंच. आजार त्यावरून ठरत नाही. अहवालात उडदापुढे ०.४ दिसलं म्हणून उडीद घातलेली कळण्याची भाकरी बंद करू नका, गेल्याच आठवड्यात ती खाऊन काही झालं नसेल तर मुळीच नाही. चाळीस पदार्थांच्या पॅनेलमुळे वाढत्या मुलांचं दूध-डाळ तुटलेलं पाहून वाईट वाटतं. आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडावर चालणारी ‘फूड इन्टॉलरन्स’ तपासणी घेऊच नये.

सहा आठवड्यांहून जास्त दिवस रोज किंवा बहुतेक दिवस उठणाऱ्या गांधींना यातली कुठलीही तपासणी सहसा कामाची नाही. तिथे झोप न आणणारी अ‍ॅन्टिहिस्टामिन रोज नियमित, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी वाढवलेला डोस. अशा गांधींवर प्रिक करून अ‍ॅलर्जीची लस सुचवली तर थांबा. लस धुळीच्या किड्यांमुळे होणाऱ्या सर्दी-दम्याला उपयोगी पडते, तीही साधारण तीन वर्षं घ्यावी लागते. डायच्या किंवा गवताच्या पॅच-होकारार्थी त्रासाला ती नाही.

कातडीच्या त्रासाला एम.डी. त्वचारोगतज्ज्ञ, नाक-दमा सोबत असेल तर छातीरोगतज्ज्ञही. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत त्वचाविभाग आहे.

जांघेत, कमरेला गोल कडा असलेला चट्टा असेल, मेडिकलवरून आणलेल्या मिश्र स्टेरॉइड मलमाने आठ दिवस बरा वाटून पुन्हा पसरत असेल, तर तो अ‍ॅलर्जी नसून नायटा असण्याची शक्यता मोठी. कडेची खरवड केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला थोडाच वेळ आणि थोडेच पैसे लागतात. ती आधी करून घ्या. मलम लावणं चालू असेल तर तसं डॉक्टरांना सांगा आणि नळी सोबत न्या.